वजनदार लेन्स घेऊन पायी चालताना: वन्यजीव छायाचित्रणात नव्याने आलेल्यांसाठी

वन्यजीव छायाचित्रकाराचे पायी चालणे दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात मुक्कामापासून पाणवठ्यापर्यंत, दलदलीच्या काठापर्यंत किंवा माळरानाच्या कडेपर्यंतचे अंतर कापायचे असते. दुसऱ्या प्रकारात तेथे पोहोचल्यावर, प्राणी किंवा पक्षी कोणत्याही क्षणी दिसेल अशा तयारीने सावकाश पुढे सरकायचे असते. नव्याने आलेले छायाचित्रकार या दोन्ही प्रकारांत उपकरणे सारख्याच पद्धतीने, म्हणजे सतत हातात किंवा गळ्यात, बाळगतात आणि मान, खांदा, मनगट व कंबर यांचे दुखणे तेथूनच सुरू होते. अंतर कापताना भार कमरेवर असावा आणि कॅमेरा हातात यावा तो फक्त छायाचित्र मिळण्याची खरी शक्यता असलेल्या शेवटच्या टप्प्यात, एवढे पथ्य पाळले तरी अर्धा प्रश्न सुटतो. उरलेला अर्धा प्रश्न सॅक, पट्टे, स्क्रू, ट्रायपॉड आणि पायाखालची जमीन यांचा आहे. तो पुढे क्रमाने मांडला आहे.

१. निघण्यापूर्वी प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवावी

भाराचा अंदाज हाताने घेऊ नये. दोन मिनिटे हातात धरलेली लेन्स फारशी जड वाटत नाही. तिचे खरे वजन दुसऱ्या तासात कळते. घरगुती वजनकाटा किंवा सामान तोलण्याचा हुकाचा काटा घेऊन लेन्स, कॅमेरा बॉडी, ट्रायपॉड, त्याचे हेड, जादा बॅटऱ्या, दुर्बीण, पाणी, रेनकोट आणि स्वतः रिकामी सॅक यांची वजने वेगवेगळी करून कागदावर लिहावीत. रिकामी सॅक बहुतेकजण मोजायचे विसरतात. छायाचित्रणासाठी बनवलेल्या जाड गादीच्या सॅका रिकाम्या असतानाही दोन ते तीन किलोच्या असू शकतात.

एक साधी बेरीज करून पाहावी. लेन्स ३ किलो, बॉडी १ किलो, ट्रायपॉड २ किलो, गिम्बल हेड (जड लेन्स तोलून सहज फिरवू देणारे हेड) साधारण दीड किलो, सॅक अडीच किलो, २ लिटर पाण्याचे २ किलो, दुर्बीण पाऊण किलो आणि खाणे, कपडे, प्रथमोपचार मिळून आणखी सव्वा किलो धरले, तर एकूण १४ किलो होतात. पदभ्रमण करणाऱ्यांमध्ये एक ढोबळ नियम रूढ आहे, तो असा की एका दिवसाच्या चालण्यासाठी पाठीवरचे वजन शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास असावे आणि अनेक दिवसांच्या प्रवासातही ते २० टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. ७० किलोच्या माणसासाठी १४ किलो म्हणजे नेमकी ती वरची मर्यादा झाली, आणि तीही अजून एकही चढ न चढता. हा नियम म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे; वय, सराव, जुनी दुखापत आणि वाटेचे स्वरूप पाहून प्रत्येकाने आपली मर्यादा याहून खाली आणावी, वर मात्र नेऊ नये.

भार कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे लेन्सची निवड. कॅननच्या ईएफ ६०० मिमी एफ/४ लेन्सची (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे) इमेज स्टॅबिलायझर, म्हणजे हाताच्या थरथरीचा परिणाम कमी करणारी सोय, असलेली १९९९ सालची पहिली आवृत्ती ५,३६० ग्रॅमची होती, २०११ साली जाहीर झालेली दुसरी ३,९२० ग्रॅमची आणि २०१८ सालची तिसरी ३,०५० ग्रॅमची झाली. या तिसऱ्या आवृत्तीत नुसते वजनच उतरले नाही, तर जड भिंगे पुढच्या टोकाकडून बॉडीच्या दिशेने मागे सरकवल्यामुळे तोलही बदलला. हा बदल हाताला ग्रॅमच्या आकड्याहून अधिक जाणवतो, कारण पुढे झुकणारी लेन्स मनगटाला लवकर थकवते. दुसऱ्या टोकाला निकॉनची ५०० मिमी एफ/५.६ पीएफ लेन्स फेज फ्रेनेल (पीएफ) या बारीक वलयांच्या पातळ भिंगामुळे केवळ १,४६० ग्रॅमची आहे, आणि अनेक नवोदितांची पसंती असलेली सोनीची २००-६०० मिमी लेन्स ट्रायपॉड कॉलर (लेन्सभोवतीचे, ट्रायपॉडला जोडायचे कडे) वगळता २,११५ ग्रॅमची आहे. माझे मत स्पष्ट आहे. ज्याला वाहनातून किंवा लपणीतून छायाचित्रण करायचे आहे त्याने मोठ्या छिद्राची अवजड लेन्स खुशाल घ्यावी. पण ज्याला पायी फिरायचे आहे त्याने सुरुवात दीड ते दोन किलोच्या लेन्सने करावी. एक स्टॉप प्रकाश कमी, म्हणजे निम्मा, मिळेल, परंतु दिवसाच्या शेवटच्या तासातही हात स्थिर राहतील, आणि वन्यजीवांच्या बाबतीत अनेकदा तोच तास मोलाचा असतो.

यादी समोर ठेवून प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा: आज जे टिपायचे आहे त्यासाठी ही वस्तू लागणारच आहे का? लागेल कदाचित, असे उत्तर आले तर ती घरी ठेवावी. पाणी, प्रथमोपचाराचे साहित्य, बॅटरीचा दिवा आणि पावसापासूनचे संरक्षण यांना मात्र ही कात्री लावू नये. भार जास्त झाला म्हणून पाण्याची बाटली काढून जादा लेन्स आत ठेवणे हा धोकादायक सौदा आहे.

२. सॅक अंगाला बसवावी

सॅकचा कंबरपट्टा हा या सगळ्या व्यवस्थेचा पाया आहे. खांद्याचे पट्टे सॅकला पाठीशी धरून ठेवण्यासाठी असतात. भार पेलायचा तो कमरेने आणि पायांनी. म्हणून सॅक निवडताना कप्प्यांची संख्या पाहण्याआधी कंबरपट्टा रुंद, गादीचा आणि ताठ आहे का ते पाहावे. छायाचित्रणाच्या पुष्कळ सॅकांना केवळ नावापुरती एक अरुंद पट्टी असते. तिचा उपयोग सॅक हलू नये इतकाच होतो, भार त्यावर जात नाही. अशा सॅकपेक्षा पदभ्रमणाची चांगली सॅक घेऊन तिच्यात गादीचा वेगळा कॅमेरा-कप्पा बसवणे मला अधिक योग्य वाटते.

सॅकचे माप माणसाच्या उंचीवरून नव्हे, तर धडाच्या लांबीवरून ठरते. मान पुढे झुकवल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड ठळकपणे वर येते तो मानेचा सातवा मणका. तेथपासून, कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंतचे पाठीवरचे अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यावे आणि त्या मापाची किंवा त्या मापाला जुळवून घेता येणारी सॅक निवडावी. उंच माणसाचे धड आखूड असू शकते आणि ठेंगण्या माणसाचे लांब, त्यामुळे नुसत्या अंदाजाने घेतलेली सॅक कितीही पट्टे ओढले तरी बसत नाही.

सॅक चढवताना सर्व पट्टे आधी सैल करावेत. सॅक पाठीवर आल्यावर कंबरपट्टा पोटावर नव्हे, तर कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर मध्यभागी येईल असा ठेवून घट्ट आवळावा. त्यानंतर खांद्याचे पट्टे सॅक पाठीला टेकेल इतकेच ओढावेत. जास्त ओढले तर कमरेवरचा भार पुन्हा खांद्यांवर येतो. खांद्याच्या वर, पट्ट्यापासून सॅकच्या माथ्याकडे जाणारे जे छोटे पट्टे असतात ते साधारण ४५ अंशांचा कोन होईल असे ताणले म्हणजे सॅकचा माथा मागे ओढत नाही. छातीपट्टा सर्वांत शेवटी लावावा, आणि तोही खोल श्वास घेताना अडथळा होणार नाही इतका सैल. सगळे बरोबर झाले आहे की नाही, याची एक सोपी परीक्षा आहे: खांद्याचा पट्टा आणि खांदा यांच्यामध्ये बोटे सहज सरकली पाहिजेत.

खांद्याच्या पट्ट्यांवर दीर्घकाळ भार राहिला, तर मानेकडून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर दाब येतो. बोटांना मुंग्या येणे, हात बधिर होणे, दंडात शक्ती नसल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे आहेत आणि वैद्यकशास्त्रात सॅकच्या भारामुळे होणाऱ्या अशा दुखण्याची स्वतंत्र नोंद आहे. मुंग्या आल्या तर ते सवयीने जाईल असे समजून चालत राहू नये. तेथेच थांबून सॅक उतरवावी, पट्टे पुन्हा बसवावेत आणि विश्रांतीनंतरही बधिरपणा राहिला तर परत फिरून डॉक्टरांना दाखवावे.

सॅक भरताना सर्वांत जड वस्तू पाठीच्या जितकी जवळ येईल तितके चांगले. सपाट वाटेवर ती दोन्ही खवाट्यांच्या मधल्या उंचीवर असावी. खडकाळ किंवा तोल जाण्याजोग्या वाटेवर थोडी खाली घ्यावी. लेन्सचे हूड (पुढे लावायचे, आडवा प्रकाश अडवणारे नळकांडे) उलटे लावून आणि पुढचे झाकण घालूनच ती आत ठेवावी. बॉडी लावलेलीच राहू द्यायची असेल तर लेन्स आणि बॉडी दोहोंच्या खाली गादीचा आधार हवा, नाहीतर प्रत्येक पावलाच्या धक्क्याचा ताण दोघांना जोडणाऱ्या माउंटवर येतो. चार-पाच किलोमीटरपेक्षा जास्त चालायचे असेल तर बॉडी काढून वेगळी ठेवणे बरे. ट्रायपॉड सॅकच्या एका बाजूला बांधला की सॅक त्या बाजूला कलते आणि शरीर नकळत दुसऱ्या बाजूला झुकून चालते, म्हणून तो सॅकच्या मागे मध्यभागी बांधावा, किंवा निदान दुसऱ्या बाजूला पाण्याच्या बाटल्यांनी तोल साधावा. आणि सॅक उचलण्यापूर्वी प्रत्येक वेळी सर्व चेन बंद आहेत का, हे डोळ्यांनी नव्हे तर हात फिरवून पाहावे.

३. टांगायची ती लेन्स, बॉडी नव्हे

कॅमेऱ्यासोबत मिळणारा गळ्याचा पट्टा हलक्या लेन्ससाठी असतो. त्याच पट्ट्यावर दोन-तीन किलोची लेन्स लावलेला कॅमेरा टांगला, तर सगळे वजन बॉडीच्या कड्यांवर आणि माउंटवर येते, लेन्स पुढे लोंबते आणि मान दिवसभर पुढे ओढली जाते. यासाठी नियम असा आहे की जोडीतला जो भाग जड, त्याला धरावे आणि त्यालाच टांगावे. मोठ्या टेलिफोटो लेन्सना म्हणूनच स्वतःची पट्ट्याची कडी असतात, आणि उचलतानाही हात ट्रायपॉड कॉलरच्या पायावर किंवा लेन्सच्या नळीखाली असावा. बॉडीच्या मुठीला धरून लेन्स खाली लोंबकळत नेणे मोठ्या लेन्सच्या बाबतीत टाळावे.

येथे एका भागाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते, कारण उपकरणे पडण्याचे मूळ अनेकदा तेथेच असते. लेन्सपासून आपल्या शरीरापर्यंत जोडांची एक साखळी असते: कॉलर, कॉलरचा पाय, पायाखालची प्लेट (ट्रायपॉडवर बसणारी धातूची पट्टी), प्लेटचा स्क्रू, क्लॅम्प (प्लेट पकडून धरणारा चिमटा) किंवा पट्ट्याची कडी, पट्ट्याची शिवण आणि बक्कल. यांतला सर्वांत कच्चा दुवा जितका मजबूत, तितकीच ही साखळी मजबूत. चालताना होणाऱ्या बारीक कंपनांनी स्क्रू सैल होतात. टांगलेली लेन्स चालताना गोल फिरू पाहते आणि एकाच स्क्रूवर बसलेली प्लेट त्या फिरण्याने हळूहळू सुटते, म्हणून लांब लेन्सखाली दोन स्क्रूंची, किंवा फिरू न देणारी कड असलेली प्लेट वापरावी. ट्रायपॉडचे स्क्रू दोन मापांचे, १/४ इंच आणि ३/८ इंच, असतात. लेन्सच्या पायाला दोन्ही मापांची भोके असतील तर जाड स्क्रू वापरावा. सध्या सर्वाधिक प्रचलित असलेल्या आर्का-स्विस पद्धतीच्या प्लेटच्या दोन्ही टोकांना बसवायचे छोटे सुरक्षा-स्क्रू अनेकजण अडचण होते म्हणून काढून टाकतात. ते काढू नयेत. क्लॅम्प थोडा सैल झाला तरी प्लेट सरकून संपूर्ण बाहेर येऊ नये, हेच त्यांचे काम आहे.

निघण्यापूर्वी आणि प्रत्येक मोठ्या विश्रांतीच्या वेळी हे सर्व जोड बोटांनी तपासावेत, आणि स्क्रूला बसणारी ॲलन की (षटकोनी टोकाची चावी) खिशात ठेवावी. ती काही ग्रॅमची वस्तू आहे आणि तिला यादीतून वगळण्याचे कारण नाही. दाबून बसणाऱ्या कडीमध्ये वाळू किंवा चिखल गेला की ती बसल्यासारखी वाटते, पण आतून अडकलेली नसते. बसवल्यावर जोराने ओढून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये. किल्ल्या अडकवण्यासाठी मिळणारे शोभेचे कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या) लेन्ससाठी कधीही वापरू नयेत. ज्यावर भारक्षमता कोरलेली आहे आणि ज्याला फिरवून बंद करायचे कुलूप आहे, असेच कॅराबिनर घ्यावे.

४. हाताशी ठेवायची असेल तेव्हा

शेवटच्या टप्प्यात, जेव्हा लेन्स सॅकबाहेर हवी असते, तेव्हा तिरका पट्टा आणि हार्नेस असे दोन पर्याय असतात. एका खांद्यावरून छातीवरून तिरका जाणारा पट्टा लेन्सच्या पायाला जोडला की ती कमरेपाशी राहते आणि पट्ट्यावरून सरकत झटकन डोळ्याशी येते. दोन किलोच्या आतील जोडीसाठी, सपाट वाटेवर, ही सोय उत्तम आहे. चढउतारावर मात्र लेन्स झोके घेते, दगडांवर आपटते आणि वाकताना पुढे येऊन तोल बिघडवते, म्हणून पट्ट्यावर लेन्स असताना एक हात नेहमी तिच्यावर असावा, आणि दोन्ही हात लागतील अशी जागा आली की ती सरळ सॅकमध्ये जावी. छातीवर बसणाऱ्या हार्नेसमध्ये भार दोन्ही खांद्यांवर विभागला जातो आणि हात मोकळे राहतात, पण लांब लेन्स मांड्यांना लागते आणि पायाखालचे दिसत नाही. आधीच सॅक पाठीवर असेल तर हार्नेसचे आणि सॅकचे पट्टे एकमेकांवर येऊन रुततात. हे दोन्ही पट्टे घालून, सर्व सामानासह, अर्धा तास चालून पाहिल्याशिवाय हार्नेसवर लांबच्या दिवसाचा भरवसा ठेवू नये.

गळ्यात आडवा पट्टा आणि दाट झुडपे ही जोडी धोक्याची आहे. फांदीत अडकलेला पट्टा मानेला हिसका देतो आणि पडताना गळ्याभोवती आवळू शकतो. काटेरी वाटेने जाताना काहीही गळ्यात ठेवू नये. दुर्बीणसुद्धा छातीच्या हार्नेसमध्ये किंवा खिशात असावी.

हातांच्या बाबतीत एक गणित समजून घेतले की पुष्कळ चुका टळतात. भरलेली बादली अंगाला लावून धरली आणि तीच हात लांब करून धरली, यांतला फरक जसा कंबरेला कळतो, तसाच तो लेन्सच्या बाबतीतही असतो. कण्याचे स्नायू कण्यापासून सुमारे ५ सेंटिमीटर अंतरावरून जोर लावतात. ४ किलोची जोडी कण्यापासून ६० सेंटिमीटर पुढे धरली, तर ढोबळमानाने तिला तोलण्यासाठी त्या स्नायूंना ४८ किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. तीच जोडी २० सेंटिमीटरवर आणली तर तो जोर १६ किलोवर येतो. म्हणून चालताना लेन्स कोपर दुमडून पोटाशी धरावी, हात अदलाबदल करावेत, आणि डोळ्याशी लावून वाट पाहत उभे राहण्याऐवजी प्राणी हालचाल करेपर्यंत ती खाली घ्यावी.

५. ट्रायपॉड

ट्रायपॉडवर लेन्स लावून तो तसाच खांद्यावर टाकून चालण्याची पद्धत अनुभवी लोकांमध्ये सर्रास दिसते आणि नवीन माणूस ती पाहून उचलतो. ही पद्धत मी नव्याने आलेल्यांना सुचवणार नाही. चार-पाच किलोचे उपकरण पाठीमागे, नजरेआड, क्लॅम्पच्या एका खटक्यावर आणि कॉलर आवळणाऱ्या एका स्क्रूवर अवलंबून असते. फांदीला लागल्यावर काय सुटले ते पडल्यावरच समजते. आणि मागून येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर ते फिरत असते. शंभर-दोनशे पावलांचे अंतर, मोकळी सपाट जमीन आणि मागे कोणी नाही, अशा स्थितीत ते करायचेच असेल तर गिम्बल हेडची दोन्ही नियंत्रणे घट्ट करावीत, क्लॅम्प आणि कॉलरचा स्क्रू हाताने तपासावा, लेन्सच्या स्वतःच्या पट्ट्याचा फास ट्रायपॉडच्या हेडखाली अडकवून दुसरा आधार द्यावा, आणि ट्रायपॉडचे पाय पुढे, हाताच्या पकडीत ठेवावेत.

यापेक्षा चांगली रीत पायवाटा दुरुस्त करणाऱ्या पथकांकडून शिकण्यासारखी आहे. ही पथके कुदळी, फावडी खांद्यावर टाकत नाहीत. हत्यार तोलाच्या बिंदूपाशी एका हातात, शरीराच्या बाजूला, उतारावरून आडवे जाताना दरीकडच्या हातात धरतात, आणि पुढच्या माणसापासून सुमारे ३ मीटर अंतर ठेवतात. पाय घसरला तर हत्यार उताराच्या बाजूला फेकून देता येते आणि माणूस त्याच्यावर पडत नाही. लेन्स काढलेला, पाय मिटवलेला ट्रायपॉड अगदी असाच धरावा. धातूचे पाय उन्हात तापतात आणि थंडीत गारठतात, म्हणून वरच्या भागावर फोमचे वेष्टन असले तर पकडही सुधारते.

मोनोपॉडचा (एकाच पायाच्या कॅमेरा-आधाराचा) काठीसारखा उपयोग करण्याचा मोह होतो, पण त्याचे खटके लेन्सच्या वजनासाठी बनवलेले असतात. उतारावर पूर्ण शरीराचा भार अचानक आला तर ते सरकू शकतात. उताराची वाट असेल तर चालण्याच्या खऱ्या काठ्या घ्याव्यात. त्यांनी उतरताना गुडघ्यांवरचा ताण कमी होतो आणि भारासह तोल सांभाळणे सोपे जाते.

६. उचलणे आणि उतरवणे

जड सॅक जमिनीवरून एका हिसक्यात पाठीवर घेताना कंबर एकाच वेळी वाकते आणि पिळली जाते. कंबरेसाठी सर्वांत वाईट हालचाल हीच. गुडघे वाकवून सॅक आधी मांडीवर घ्यावी, एक हात पट्ट्यातून घालावा, मग ती पाठीवर सरकवत दुसरा हात घालावा. कंबरेइतका उंच खडक किंवा कठडा मिळाला तर त्यावर सॅक ठेवून, पाठ लावून पट्टे चढवणे सर्वांत सोपे. उतरवतानाही हाच क्रम उलटा. दमल्यावर सॅक धाडकन खाली टाकली जाते आणि लेन्सना धक्के बसतात ते अशा वेळी. उतारावर सॅक ठेवताना ती झाडाच्या वरच्या बाजूला, बुंध्याला टेकवून ठेवावी, म्हणजे ती गडगडणार नाही.

७. पायाखालची जमीन

चालताना दृश्यदर्शकात किंवा मागच्या पडद्यावर पाहू नये. पाहायचे तर थांबावे, चालायचे तर कॅमेरा खाली घ्यावा. या दोन गोष्टी एकत्र केल्या की पाय मुरगळतो. भारासह पावले नेहमीपेक्षा लहान टाकावीत, उतारावर गुडघे किंचित दुमडलेले ठेवावेत, आणि मुरूम, ओली पाने किंवा शेवाळलेले दगड दिसले की लेन्स आधीच सॅकमध्ये घालावी. अर्ध्या वाटेत ती घालायला जागा नसते. घोटा झाकणारे, तळाला खोल खाचा असलेले बूट वापरावेत. पाऊण तास ते तासाभराने सॅक उतरवून पाच मिनिटे थांबावे आणि तहान लागण्यापूर्वी पाणी प्यावे. थकव्याने पहिल्यांदा जाते ती पावलांची अचूकता.

ओढा ओलांडताना कंबरपट्टा आणि छातीपट्टा दोन्ही सोडून ठेवावेत, म्हणजे पाण्यात पडल्यास सॅक ताबडतोब अंगावेगळी करता येते. उपकरणे त्यापूर्वीच जलरोधक पिशवीत, तोंड नीट गुंडाळून, बंद केलेली असावीत. सॅकचे पावसाळी आवरण पाण्यात बुडण्यापासून वाचवत नाही. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगाचे असेल तर ओलांडू नये.

तोल गेलाच तर उपकरण सोडून द्यावे. मनाची तयारी आधीच झालेली नसेल, तर माणूस पडतानाही लेन्स छातीशी धरतो आणि हात टेकता न आल्याने डोके किंवा मनगट आपटून घेतो. म्हणूनच उपकरणांचा विमा काढून ठेवावा, म्हणजे त्या क्षणी हात सुटायला कचरत नाही.

वन्यप्राणी जवळ असताना भाराचा आणखी एक अर्थ होतो: आपण चपळ नसतो. लेन्स डोळ्याशी असताना दिसणारा परिसर अत्यंत अरुंद असतो, त्यामुळे दर काही क्षणांनी नजर बाहेर काढून चहूकडे पाहावे आणि शक्यतो सोबत्याने फक्त परिसरावर लक्ष ठेवावे. मागे हटायची वाट आधी पाहून ठेवावी, ट्रायपॉड त्या वाटेत उभा करू नये, आणि हटायची वेळ आली तर ट्रायपॉड, सॅक तेथेच सोडून, न पळता, प्राण्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरावे. अस्वलांच्या प्रदेशात जेथे बचावाचा फवारा बाळगण्याची पद्धत आहे, तेथे तो सॅकच्या आत नव्हे, तर कंबरपट्ट्यावर किंवा छातीवर, पट्ट्यांच्या गुंत्याबाहेर, एका हाताने निघेल असा हवा.

८. सराव पाण्याच्या बाटल्यांनी करावा

मोठी लेन्स घेतल्यावर लगेच लांबच्या वाटेला जाऊ नये. सॅकमध्ये उपकरणांऐवजी पाण्याच्या बाटल्या भराव्यात. १ लिटर म्हणजे १ किलो, त्यामुळे मोजमाप सोपे होते आणि दमल्यास पाणी ओतून भार जागेवर कमी करता येतो. आधी निम्म्या भाराने ओळखीच्या वाटेवर, मग थोडे थोडे वाढवत, चढउतारासह चालावे. दुसऱ्या दिवशी स्नायू जड वाटणे स्वाभाविक आहे. सांध्यात किंवा कण्यात टोचणारी कळ, पायात उतरणारी वेदना किंवा बधिरपणा मात्र स्वाभाविक नाही, आणि तशी लक्षणे दिसल्यास भार वाढवणे थांबवावे. याच सरावात, डोळे मिटून कंबरपट्टा आणि छातीपट्टा एका हाताने सोडता येतात का, तेही पाहावे.

९. परतल्यावर

सॅक पूर्ण रिकामी करावी, पट्ट्यांवरील घामाचे क्षार आणि चिखल साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत आणि शिवणींवरून बोट फिरवून उसवलेला धागा शोधावा. दाबून बसणाऱ्या कड्यांमधील व ट्रायपॉडच्या खटक्यांमधील वाळू मऊ ब्रशने काढावी, प्लेट आणि कॉलरच्या पायाचे स्क्रू एकदा सोडून पुन्हा घट्ट करावेत. वजनांचा तो कागद पुन्हा काढून, त्या दिवशी एकदाही हाताला न लागलेल्या वस्तूंसमोर खूण करावी. सलग तीन वेळा खूण झालेली वस्तू पुढच्या वेळी घरी ठेवावी. प्रथमोपचार, दिवा आणि पावसाचे कपडे वगळून.